चा-ची-चे दिसलं की लगेच एस लावू नका: इंग्लिशमधलं पझेसिव्ह नीट कसं वापरायचं

मागच्या आठवड्यात आठवीतल्या एका मुलाने वहीत लिहिलं होतं, “रोहन फरगॉट हर बॅग इन द ऑटो.” मी म्हटलं अरे रोहन मुलगा आहे ना, मग हर कुठून आलं? तर तो शांतपणे म्हणाला, “टीचर, बॅग ती असते ना, ती बॅग, म्हणून हर.” आणि खरं सांगते, मला त्याला पटकन चूक म्हणवेना, कारण मराठीच्या हिशोबाने त्याचं डोकं अगदी बरोबर चाललं होतं. त्याचा डबा, त्याची बॅग, त्याचं दप्तर, आपल्याकडे शेवटचं अक्षर वस्तू बघून बदलतं, मालक बघून नाही, आणि त्याने तोच धागा पकडून इंग्लिशमध्ये नेला.

मी नवी मुंबईत ऐरोलीला घरीच क्लास घेते. संध्याकाळी सेमी-इंग्लिशची आणि मराठी मीडियमची मुलं असतात, रविवारी सकाळी मोठी माणसं, कोणी कंपनीत नवीन लागलेले, कोणी फक्त मुलांचा अभ्यास घेता यावा म्हणून शिकणाऱ्या आया. माझं स्वतःचं इंग्लिश पाचवीपासून सुरू झालं, पहिलीपासून इंग्लिश आपल्या मराठी शाळांमध्ये आलं ते २००० साली, त्यामुळे या मोठ्या माणसांची अडचण मला आतून कळते. टेन्स सगळे पाठ करतात, पण पझेसिव्ह, म्हणजे मालकी दाखवणारं रूप, म्हटलं की “त्यात काय, चा-ची-चे म्हणजे अपॉस्ट्रॉफी एस” एवढं म्हणून पुढे जातात आणि मग इथेच घोडं पेंड खातं. माझं म्हणणं एकच आहे, हे समीकरण आधी डोक्यातून पुसून टाका. मराठीतला चा कितीतरी कामं करतो, मालकी दाखवतो, कशापासून बनलंय ते सांगतो, कुठलं, कधीचं, कितीचं, कशासाठीचं, सगळं एकटा सांगतो. इंग्लिशने ही कामं वेगवेगळ्या लोकांना वाटून दिलीत. म्हणून चा दिसला की एस लावायच्या आधी विचारायचं, हा चा इथे काम काय करतोय?

एक सांगून ठेवते, इंग्लिश वाक्यं पण मी इथे देवनागरीतच लिहितेय. अपॉस्ट्रॉफी म्हणजे वरचा कॉमा जिथे हवा तिथे दिलाय, आणि त्याच्या पुढचा स म्हणजे इंग्लिशचा एस समजा.

आधी रोहनच्या बॅगेचं बघू, कारण हिज आणि हरची चूक बोलताना सगळ्यात जास्त होते. मी मुलांना बोटाची युक्ती शिकवते. वहीत मराठी शब्द लिहायचा, त्याची. आता शेवटच्या अक्षरावर बोट ठेवायचं, ची झाकायचा. उरलं काय? त्या. म्हणजे मालक मुलगा, म्हणजे हिज, विषय संपला, पुढे आई असो, बॅग असो नाहीतर डबा असो. तिचा भाऊ, चा झाका, ति उरलं, मुलगी, हर ब्रदर. इंग्लिश फक्त न झाकलेला भाग बघतं. झाकलेला भाग मराठीचा खाजगी मामला आहे, त्याच्याशी इंग्लिशला काही देणंघेणं नाही. दहा-बारा शब्दांवर बोट ठेवून झालं की मुलांना बोट लागत नाही, आपोआप जमतं.

पण या युक्तीत दोन ठिकाणी फसायला होतं. एक म्हणजे आदराचं त्यांचं. “बाबा त्यांचा चष्मा विसरले” याचं इंग्लिश “बाबा फरगॉट हिज ग्लासेस,” देअर नाही. सर त्यांच्या गाडीने आले, तर सर केम इन हिज कार. आपण मान देतो म्हणून अनेकवचन वापरतो, इंग्लिशमध्ये बाबा एकच असतात. आणि दुसरं म्हणजे आपला. “ती आपली छत्री ट्रेनमध्ये विसरली” इथे आपली म्हणजे तिची स्वतःची, म्हणून हर अंब्रेला. अवर लिहिलंत तर ऐकणाऱ्याला वाटेल तुमची आणि तिची दोघींची मिळून एक छत्री होती.

याच्याच जोडीला एक गोष्ट, जी पुस्तकात सहसा नीट सांगत नाहीत. आपण मराठीत मालकी खूप वेळा बोलतच नाही, कारण समोरच्याला कळतंच. हात धुवून ये. डोकं दुखतंय. आई रागावली. कोणाचे हात, कोणाची आई, कोण विचारतंय? इंग्लिशमध्ये मात्र ते बोलावं लागतं. वॉश युअर हँड्स. माय हेड इज एकिंग. माय मदर गॉट अँग्री. त्यामुळे अंगाचा भाग, घरचं माणूस किंवा अंगावरचा कपडा आला, की मराठीत चा नसला तरी इंग्लिशमध्ये माय, युअर, हिज, हर बहुतेक लागणार असं धरून चाला. माझ्या रविवारच्या बॅचमधल्या एक ताई सहा महिने “मदर इज नॉट फीलिंग वेल” म्हणायच्या. व्याकरणाने वाक्य उभं राहतं, पण माय लावल्यावर ते एकदम घरातलं वाटायला लागलं, त्यांनाच फरक जाणवला.

माय आणि माइनचं पटकन सांगते. मराठीत “हे माझं पुस्तक” आणि “हे पुस्तक माझं”, दोन्हीकडे माझं. इंग्लिशमध्ये वस्तूचं नाव पुढे असेल तर माय, नसेल तर माइन. तसंच युअर-युअर्स, हर-हर्स, अवर-अवर्स, देअर-देअर्स. हिज दोन्हीकडे हिजच. आणि यातल्या एकातही वरचा कॉमा नाही. युअर्समध्ये नाही, हर्समध्ये नाही, कशातच नाही, कारण हे शब्द जन्मतःच मालकीचे आहेत, त्यांना वेगळा शिक्का मारावा लागत नाही.

हे कळलं की इट्सचा घोळ पण सुटतो. इट्स, कॉमाशिवाय, म्हणजे त्याचं, ते हिज आणि हरचं भावंड आहे. इट’स, कॉमासकट, म्हणजे इट इज किंवा इट हॅज. लिहिताना शंका आली तर तोडून वाचा. “द सोसायटी हॅज चेंज्ड इट्स रूल्स” यात इट इज घालून बघा, द सोसायटी हॅज चेंज्ड इट इज रूल्स, काही अर्थ लागत नाही, म्हणजे कॉमा नको. “इट’स रेनिंग” तोडला की इट इज रेनिंग, बरोबर बसतं, कॉमा हवा. हूज आणि हू’स, युअर आणि यू’आर, सगळ्यांना हीच टेस्ट लावायची.

आता खऱ्या अपॉस्ट्रॉफीकडे येऊ, आणि इथे मला आमच्या गेटवरची गोष्ट सांगायचीच आहे. आम्ही आधी राहायचो त्या सोसायटीत पार्किंगला नवीन पाट्या करायच्या होत्या. कमिटीने कागदावर जे लिहून दिलं होतं त्यात तीन पाट्यांवर तीन प्रकार होते, एकीवर एसच्या आधी कॉमा, एकीवर नंतर, एकीवर नाहीच. पेंटर स्टूलवर चढलेला, हातात ब्रश, मी भाजी घेऊन आत शिरत होते तर मलाच विचारतो, “मॅडम, हा वरचा कॉमा कुठं टाकू, एसच्या आधी का नंतर?” मी त्याला विचारलं, “भाऊ, इथे गाड्या किती पाहुण्यांच्या लागणार?” तो मागे वळून पट्टे मोजायला लागला, पांढरे पट्टे त्यानेच मारले होते सकाळी, म्हणाला आठ. मग पाहुणे एक का अनेक? अनेक. मग आधी अनेक पाहुणे लिहा पूर्ण, व्हिजिटर्स, एससकट. लिहिलं. आता कॉमा द्या. त्याने एसच्या नंतर कॉमा दिला, व्हिजिटर्स’ पार्किंग, आणि शेजारच्या एका राखीव जागेकडे बोट दाखवून स्वतःच म्हणाला, “मग ते चेअरमनसाहेबांचं एसच्या आधी, ते एकटेच आहेत.” पूर्ण नियम त्याला दोन मिनिटांत कळला होता, कारण त्याने पट्टे मोजले होते.

तर पद्धत हीच. मालक आधी पूर्ण लिहा, एक असेल तर एक, अनेक असतील तर अनेक. मग पेन उचला आणि कॉमा द्या. मग बघा, अनेकवचनाचा एस आधीच लागलेला आहे का, असेल तर काम झालं, नसेल तर आता एस लावा. स्टुडंट, कॉमा, एस, स्टुडंट’स नोटबुक, एका मुलाची वही. स्टुडंट्स, कॉमा, बस, स्टुडंट्स’ नोटबुक्स, सगळ्या मुलांच्या वह्या. आणि चिल्ड्रन, मेन, विमेन हे शब्द अनेकवचनी आहेत पण त्यांना एस नाही, म्हणून कॉमा देऊन एस लावायचा, चिल्ड्रन’स, मेन’स, विमेन’स. ही पद्धत मला एवढी आवडते कारण यात पाठ करायला काही नाही, क्रम सांभाळला की झालं.

कानावर मात्र विसंबू नका. एका मुलाचं, अनेक मुलांचं आणि नुसती अनेक मुलं, बॉय’स, बॉईज’, बॉईज, तिन्ही कानाला सेम ऐकू येतात. हा फरक फक्त कागदावर दिसतो.

कॅलेंडर उघडून बघा, सगळे नियम तिथेच आहेत. ५ सप्टेंबर टीचर्स’ डे, सगळ्या शिक्षकांचा, एसनंतर कॉमा. १४ नोव्हेंबर चिल्ड्रन’स डे. ८ मार्च विमेन’स डे. आणि मदर’स डे मात्र एकवचनी, एसच्या आधी कॉमा, कारण अमेरिकेत ज्यांनी हा दिवस सुरू केला त्या अ‍ॅना जार्विस यांचा आग्रहच तसा होता, की प्रत्येकाने आपापल्या एका आईचा दिवस पाळावा, जगातल्या समस्त मातांचा नाही. एका कॉमात केवढा विचार आहे बघा. मला हे शिकवताना दरवेळी भरून येतं.

आता उलटी चूक, म्हणजे मालकी नसताना कॉमा. ठाण्यात तलावपाळीला संध्याकाळी एक चक्कर मारा आणि खाण्याच्या गाड्यांवरच्या पाट्या वाचत जा, सँडविच’स, मोमो’स, ज्यूस’स. सँडविचच्या मालकीचं काय आहे तिथे? काही नाही, नुसती अनेक सँडविच आहेत. नुसत्या अनेकवचनाला कॉमा लागत नाही. आमच्या खाडीवरचे फ्लेमिंगो घ्या ना, ऐरोलीला राहायचं आणि फ्लेमिंगोचं उदाहरण द्यायचं नाही असं कसं होईल. “द फ्लेमिंगोज हॅव अराइव्ह्ड,” पक्षी आले, कॉमा नाही. “द फ्लेमिंगो’स बीक,” एका पक्ष्याची चोच. “द फ्लेमिंगोज’ फीडिंग ग्राउंड,” त्या सगळ्यांची खायची जागा, आणि ठाणे खाडी तर २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. आणि ही अनेकवचनाची चूक फक्त आपण करतो असं समजून वाईट वाटून घेऊ नका, इंग्लंडमध्ये भाजीवाल्यांच्या पाट्यांवर ती इतकी दिसायची की तिथे तिला नावच पडलंय, ग्रीनग्रोसर’स अपॉस्ट्रॉफी, म्हणजे भाजीवाल्याचा अपॉस्ट्रॉफी.

तीच चूक दारावरच्या नेमप्लेटवर. द पाटील’स. घरात पाटील एक नाही, चार आहेत, म्हणून द पाटील्स, कॉमा नको. पाटलांचं घर म्हणायचं असेल तर द पाटील्स’ हाऊस. सुंदर पितळेच्या पाट्या करून घेतात लोक, दोन-दोन हजार खर्च करतात, तर ऑर्डर द्यायच्या आधी एवढं बघून घ्या.

तेजस, सुहास, विलास, श्रीनिवास, आपल्याकडे एसने संपणारी नावं भरपूर आहेत, त्यांचं काय? दोन्ही चालतं, तेजस’स बाइक किंवा तेजस’ बाइक, इंग्लिशमधल्या मोठमोठ्या स्टाइल गाइड्सचंच, म्हणजे लिहिण्याचे नियम सांगणाऱ्या पुस्तकांचंच, यात एकमत नाही. शिकागो मॅन्युअल एस लावायला सांगतं, असोसिएटेड प्रेस नुसता कॉमा. लंडनमधल्या सेंट जेम्स’स पार्कला एस आहे आणि न्यूकॅसलच्या फुटबॉल ग्राउंडच्या सेंट जेम्स’ पार्कला नाही. माझं मत विचाराल तर एस लावा, कारण बोलताना आपण तो बोलतोच. तेजसिझ बाइक. फक्त एका अर्जात किंवा एका मेलमध्ये दोन्ही मिसळू नका.

उच्चाराचं निघालंच आहे तर सांगते, हा एस प्रत्येक वेळी स ऐकू येत नाही. अमितचा तर स, अमित्स. रवीचा, नेहाचा, सागरचा तर झ, रवीझ, नेहाझ, सागर्झ. आणि नाव स, श, च, ज असं संपत असेल तर पूर्ण इझ, संतोषिझ, मनीषिझ. इंटरव्ह्यूत “संतोष फादर” असं ऐकू गेलं की समोरच्याला वाटतं तुम्ही एस खाल्लात, खरं तर तुम्हाला तो कुठे बसवायचा हे कोणी सांगितलेलंच नसतं.

आता चा-ची-चेची बाकीची कामं, आणि हा भाग जरा सावकाश वाचा, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे.

मराठीचे सर. मराठी ही सरांची मालकीण नाही, सर कुठला विषय शिकवतात ते सांगितलंय. म्हणून मराठी’स सर नाही, मराठी टीचर. सोन्याची अंगठी, कशाची बनलीय ते सांगितलंय, गोल्ड रिंग. पावसाचं पाणी, रेनवॉटर. दहावीची परीक्षा, टेन्थ स्टँडर्ड एक्झाम. घराची चावी, हाऊस की. इथे इंग्लिश दोन नावं नुसती शेजारी ठेवतं, मध्ये काही घालत नाही, आणि पहिलं नाव विशेषणासारखं काम करतं. ठाण्याचं स्टेशन म्हणजे ठाणे स्टेशन, आपण मराठीत पण तसंच म्हणतो की.

चहाचा कप जरा वेगळा आहे. आत चहा असेल तर अ कप ऑफ टी, आणि रिकामा, चहासाठीचा कप असेल तर टीकप. मराठीत “चहाचा कप खाली ठेव” म्हटलं तर आत चहा आहे का नाही ते आपण बघून ठरवतो, इंग्लिश ते शब्दातच सांगतं.

मग ऑफ कधी आणि एस कधी? माणूस किंवा प्राणी मालक असेल तर एस, नेहा’स फोन, द डॉग’स टेल. निर्जीव वस्तूचा भाग असेल तर बहुतेक ऑफ, द टेरेस ऑफ द बिल्डिंग, द एंड ऑफ द रोड. पण देश, शहर, संस्था, कंपनी यांना माणसांसारखी वागणूक मिळते, त्यांना एस चालतो, सिडको’स प्लॅन, इंडिया’स कॅपिटल. आणि वेळेला पण, टुडे’स पेपर, लास्ट वीक’स मीटिंग. एक वाक्य घ्या, “भारताची पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याच्या स्टेशनला आली.” दोन वेळा आपण चा वापरला. भारताची, देश आहे, इंडिया’स फर्स्ट पॅसेंजर ट्रेन. ठाण्याच्या स्टेशनला, नुसतं नाव आहे, ठाणे स्टेशन. एकाच वाक्यात एक चा एसकडे गेला आणि दुसरा कुठेच गेला नाही, गळून पडला. आणि ठाण्याला तलावांचं शहर म्हणतो तेव्हा तो तिसरा प्रकार, द सिटी ऑफ लेक्स, तिथे ऑफ.

च्या आणि त्याच्या पुढे एखादा मागे-पुढे-वर-बद्दल-साठी आला तर तिथे मालकी नसतेच, ती फक्त मराठीची जोडणी आहे. घराच्या मागे, बिहाइंड द हाऊस. माझ्यासमोर, इन फ्रंट ऑफ मी. त्याच्याबद्दल, अबाउट हिम. मी कितीतरी मेलमध्ये इन फ्रंट ऑफ माय आणि अबाउट हिज असं वाचलंय, ते या च्यामुळे. पुढे वस्तू असेल तरच माय. “माझ्या घरासमोर” असेल तर इन फ्रंट ऑफ माय हाऊस, बरोबर.

याच्या उलट, मराठीत चा नाही पण इंग्लिशमध्ये एस येतो अशी पण एक जागा आहे, आणि ती मला फार गोड वाटते. मावशीकडे चाललेय. डॉक्टरकडे गेलो होतो. पाटलांकडे जेवायला बोलावलंय. हा कडे म्हणजे इंग्लिशचा एस. आय अ‍ॅम गोइंग टू माय आंट’स. आय वेंट टू द डॉक्टर’स. पुढे घर किंवा दवाखाना म्हणायची गरजच नाही, जसं आपल्याला नसते. पण वस्तू जवळ असण्याचा कडे वेगळा, माझ्याकडे गाडी आहे म्हणजे आय हॅव अ कार, तिथे एस बीस काही नाही.

आता माझा एक मित्र. “माय वन फ्रेंड टोल्ड मी,” हे वाक्य आमच्या ट्रान्स-हार्बर लाइनच्या लोकलच्या कुठल्याही डब्यात दहा मिनिटं उभं राहिलं की ऐकू येतं. मराठीत माझा आणि एक शेजारी बसतात, इंग्लिशमध्ये नाही बसत. अ फ्रेंड ऑफ माइन किंवा वन ऑफ माय फ्रेंड्स म्हणायचं, आणि वन ऑफ म्हटलं की पुढे फ्रेंड्स, अनेकवचन, कारण अनेकांतला एक. तसंच माझं हे पुस्तक, धिस माय बुक नाही, धिस बुक ऑफ माइन. आणि माय, हिज, नेहा’स यांच्या आधी द पण नको. द माय बुक नाही, द नेहा’स बॅग नाही. पण द टीचर’स बॅग चालतं, कारण तो द बॅगेचा नाहीये, टीचरचा आहे.

ऑफ माइनवरून एक मस्त फरक. बाबांचा फोटो. मराठीत दोन अर्थ होतात, ज्यात बाबा दिसतात तो, नाहीतर जो बाबांकडे असतो तो. इंग्लिशमध्ये अ फोटो ऑफ माय फादर म्हणजे ज्यात बाबा आहेत तो, आणि अ फोटो ऑफ माय फादर’स म्हणजे बाबांच्या मालकीच्या फोटोंपैकी एक, त्यात भले गाय दिसत असेल. एका एसचा फरक.

नोकरीवाल्यांनी हे नीट वाचा. सीव्हीमध्ये टू इयर्स’ एक्सपीरियन्स लिहायचं असेल तर एसनंतर कॉमा, कारण वर्षं दोन आहेत. एक वर्ष असेल तर वन इयर’स एक्सपीरियन्स. कॉमाची भीती वाटत असेल तर टू इयर्स ऑफ एक्सपीरियन्स लिहा, कोणी नाव ठेवणार नाही. नोटीस पीरियड पण तसाच, वन मंथ’स नोटीस, थ्री मंथ्स’ नोटीस. मी माझ्या पहिल्या नोकरीच्या अर्जात थ्री मंथ’स लिहिलं होतं आणि समोरच्या बाईंनी पेनाने गोल करून कागद परत माझ्याकडे सरकवला, का चुकलं ते सांगितलं नाही. मला ते तेव्हा खूप लागलं होतं आणि म्हणूनच मी आता कोणाच्या वहीत नुसता गोल करत नाही, शेजारी कारण लिहिते. अजून एक, मास्टर’स डिग्री आणि बॅचलर’स डिग्री, दोन्हीकडे कॉमा एसच्या आधी. पण बॅचलर ऑफ कॉमर्स असं पूर्ण लिहिलंत तर एसच नाही.

आणि दोन दिवसांची ट्रिप दोन प्रकारे होते, टू डेज’ ट्रिप किंवा अ टू-डे ट्रिप. दुसऱ्यात डेला एस नाही, मध्ये आडवी रेघ आहे. पाच रुपयांचं नाणं नेहमी दुसऱ्या प्रकाराने, अ फाइव्ह-रुपी कॉइन, रुपीज नाही.

दोघांचं मिळून असेल तर एस शेवटच्यालाच, अमित अँड नेहा’स फ्लॅट, एक फ्लॅट दोघांचा. वेगवेगळे असतील तर दोघांना, अमित’स अँड नेहा’स फ्लॅट्स. मदर-इन-लॉ’स हाऊस, इथे पण एस अगदी शेवटी. समवन एल्स’स अंब्रेला, तिथे पण. इंग्लिशचा एस सगळी रांग संपल्यावर शेवटी उभा राहतो. आणि माळ लावायची असेल तर खुशाल लावा, मावशीच्या मिस्टरांच्या ऑफिसचा पत्ता, माय आंट’स हजबंड’स ऑफिस अ‍ॅड्रेस. बघा, ऑफिसचा चा इथे गळाला, कारण ऑफिस निर्जीव आहे आणि पत्त्याचा प्रकार सांगतंय.

आता सराव. पुढची पाच वाक्यं आधी स्वतः कागदावर करा, मोबाईलवर नको, मोबाईल स्वतःच दुरुस्त करून टाकतो आणि तुम्हाला कळत नाही काय चुकलं होतं ते.

आजी तिचा चष्मा शोधतेय.
मुलांच्या खोलीत सोन्याची अंगठी सापडली.
माझा एक मित्र वाशीला मामाकडे राहतो.
सरांनी त्याच्याबद्दल त्यांच्या वहीत लिहिलं.
रोहनच्या बहिणीची बॅग रिक्षात राहिली.

झालं करून? तर बघा. आजी इज लुकिंग फॉर हर ग्लासेस. दुसऱ्यात अ गोल्ड रिंग वॉज फाउंड इन द चिल्ड्रन’स रूम, पहिला चा एसकडे गेला, दुसरा गळाला. तिसरं, अ फ्रेंड ऑफ माइन लिव्ह्ज अ‍ॅट हिज अंकल’स इन वाशी, आणि इथे मामा कोणाचा ते मराठीत बोललेलंच नव्हतं, इंग्लिशमध्ये हिज घालावं लागलं, ते घातलं असेल तर तुम्हाला शाबासकी. चौथं, सर रोट अबाउट हिम इन हिज नोटबुक, हिम हा मुलगा आणि हिज सरांचं, देअर लिहिलं असेल तर वर आदराचं त्यांचं पुन्हा वाचा. पाचवं, रोहन’स सिस्टर’स बॅग वॉज लेफ्ट इन द ऑटो. आठवीतल्या त्या मुलाला मी काल हेच वाक्य दिलं, आणि वर विचारलं की आता फक्त “तिची बॅग” म्हणायचं असेल तर? त्याने ची वर बोट ठेवलं, क्षणभर बघितलं आणि लिहिलं, हर बॅग. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “टीचर, पण या वेळी बॅगमुळे नाही हं.”